थरथरतंय कोण

टेंभुर्णी,
१९ नोव्हेंबर २०००

चि. तातेराव यास मच्छिंद्रदादाचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. आई खुशाल, नंदा खुशाल, माझा उजवा पाय खुशाल. डावा आठ वर्षांपूर्वी मळणीयंत्रानं नेला, तो जिथं असेल तिथं खुशाल असो.

गाडी पोचली. तू पाठवलेल्या ड्रायव्हरला चहा पाजला, एसटीत बसवलं आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत मी गाडीला हात लावला नाही. म्हटलं, पहिल्यांदा बसताना परकं माणूस नको. मग बसलो. बिनक्लचची गाडी असते हे तू सांगितलं होतंस, तरी माझा नसलेला डावा पाय क्लच शोधायला गेलाच. सापडेना तेव्हा हसू आलं. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्याची कामं. तुझ्या कंपनीतल्या ज्या परदेशी साहेबाची ही गाडी होती, त्यानं माझंच माप देऊन ती बनवून घेतली असावी.

जाफराबादपर्यंत जाऊन आलो. वाटेत दोघांनी हात दाखवला. त्यांना वाटलं, मच्छिंद्रची जीप पुन्हा सुरू झाली. तातेराव, खरं सांगतो, येताना गाडी कडेला घेऊन रडलो. आठ वर्षं लोक मला गाडीत बसवत होते, हात धरून, बूड टेकेपर्यंत. आज मी कुणाला तरी बसवलं.

आपली जुनी जीप गेली. ती विकली म्हणूनच तुझी गाडी घेता आली, त्याचं वाईट वाटत नाही. पण लिंबाखालची जागा रिकामी बघवत नाही. तू क्लीनर आणि मी ड्रायव्हर, आठवतं का? तुझ्या पायात काटा मोडून पिकला होता, आईनं पोटिसासाठी हळद आणि जवसाचं पीठ पुडीत बांधून दिलं होतं. जालन्याच्या वाटेवर रेडिएटर गळायला लागलं आणि तू म्हणालास, माणसाला लागू पडतं तर जीपला का नाही. सगळी पुडी ओतलीस. जालन्यापर्यंत थेंब पडला नाही. नुसती हळद सगळेच ड्रायव्हर घालतात, जवस फक्त आपण दोघं. कालपरवा आई विचारत होती, नव्या गाडीसाठी औषधाची पुडी बांधून देऊ का. म्हटलं, तातेरावनं वापरलेली गाडी आहे, तिला कुठं जखमा असणार.

फोन करत नाही. एसटीडीच्या बूथबाहेर अर्धं गाव कान देऊन उभं असतं. शिवाय आईला तुझं पत्रच लागतं. मी वाचतो, ती पदर सावरून ऐकते. उषाबाईंना नमस्कार.

तुझा,
मच्छिंद्रदादा


पुणे,
२ डिसेंबर २०००

ती. मच्छिंद्रदादांच्या चरणी तातेरावचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उषालाही वाचून दाखवलं. तुम्ही स्टेअरिंगवर बसलात, माझं सार्थक झालं. एखादी वस्तू योग्य माणसाच्या हाती पडली की जीव शांत होतो, तसं झालं आहे.

दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गाडी साठच्या वर नेऊ नका. परदेशी माल आहे, आपल्या रस्त्यांना जपूनच. रेडिएटरमध्ये आठवड्याला थोडं पाणी घालत जा. जुन्या गाड्या थोडं पाणी पितात, त्यात काही विशेष नाही. गावातल्या मिस्त्रीला बिलकुल हात लावू देऊ नका. त्यांनी असं मशीन पाहिलेलं नसतं, उगाच खोलून ठेवतात आणि मग जोडता येत नाही. इथल्या वर्कशॉपमधून सगळं तपासूनच पाठवली आहे. काही वाटलं तर आधी मला लिहा.

मोठीआईला म्हणावं, तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी संपली. तिनं मला सांभाळलं तसं कोणी सख्ख्यालाही सांभाळत नाही, हे मी इथं सगळ्यांना सांगत असतो. सध्या कंपनीत गडबड आहे. नवा फ्लॅट घेतला आहे, त्याचे हप्ते सुरू झालेत. त्यामुळे येणं जमत नाही.

आपला,
तातेराव


टेंभुर्णी,
१४ जानेवारी २००१

चि. तातेराव यास आशीर्वाद, आणि संक्रांतीचा तिळगूळ सोबत. पोस्टानं चुरा केला असला तरी गोड मानून घे.

तू कामाचा माणूस, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. गाडी थरथरते. पन्नास-साठच्या मध्ये, पाय हलकाच ठेवला की अंगातून थरथर येते, खडी टाकलेल्या रस्त्यावरून चालल्यासारखी. रस्ता तर गुळगुळीत. पाय दाबला की थांबते, काढला की थांबते, मधे धरला की पुन्हा सुरू. परवा आईला आणि नंदाला जालन्याहून आणत होतो. मोंढ्यातून गुळाची ढेप घेतली होती, ती मागच्या सीटवरून खाली पडली. आईनं पुढची सीट दोन्ही हातांनी धरली, ती घर येईपर्यंत सोडली नाही.

मी काही स्वस्थ बसलेलो नाही. चाकं पाहिली, इंजिनाखालचे रबर पाहिले, प्लग पुसले. तेलाची पट्टी ओढून पाहिली, तेल बिलकुल साफ. एकच गोष्ट कळत नाही. तू आठवड्याला थोडं पाणी म्हणाला होतास, मी एक दिवसाआड घालतोय, आणि गाडीखाली एक थेंब नाही. मी कागद अंथरून पाहिला. कोरडा. इंजिन गरम होत नाही, वाफ निघत नाही. मग पाणी जातं कुठं? वीस वर्षं गाड्या हाकल्या, गळकं रेडिएटर मला वासावरून कळायचं. हे असं घरातल्या घरात पाणी नाहीसं होणं मी पाहिलेलं नाही.

तू म्हणालास म्हणून मिस्त्रीला दाखवली नाही. पुण्यात तुझ्याकडे असताना असं व्हायचं का? त्या वर्कशॉपवाल्याला विचारून कळव. घाई नाही, पण जल्दी केलंस तर बरं.

आईनं चटणी करून ठेवली आहे. कुणी येणारं मिळालं की पाठवतो.

मच्छिंद्रदादा


पुणे,
२९ जानेवारी २००१

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून काळजी वाटली, गाडीची नाही, तुमची. वर्कशॉपमध्ये विचारलं. ते म्हणाले, गाडीत दोष नाही. माझ्याकडे चार महिने होती, एकदाही थरथरली नाही.

दादा, एक गोष्ट लिहू का? राग मानू नका. आठ वर्षं तुमचा सगळा भार एकाच पायावर आहे. चढणं-उतरणं, कुबडीवर तोल सांभाळणं, सगळं त्यानंच केलं. पाय झाला तरी तोही थकणारच. तुम्हीच लिहिलंय, पाय दाबला की थांबते, काढला की थांबते, मधे धरला की थरथरते. म्हणजे अर्धवट धरताना पायाला कंप सुटतो. तो पेडलवर उतरतो आणि पेडलवरून गाडीत. या गाड्या फार नाजूक असतात, पायाचं सगळं ऐकतात. आपल्या जीपसारखं नाही, की लाथ मारली तरी तिला काही वाटू नये.

पाण्याचं म्हणाल तर तुम्ही बोअरचं घालत असणार. जड पाणी आत साका धरतं आणि उडून जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पायाला तेल लावून घ्या, थोडा आराम द्या. वहिनींना सांगा, रात्री शेकत जा म्हणावं. मोठीआईनं काळजी करू नये.

आपला,
तातेराव


टेंभुर्णी,
२० फेब्रुवारी २००१

तातेराव भावजींना नंदावहिनीचा नमस्कार.

मी चौथीपर्यंतच शिकले, चुकलं तर समजून घ्या. हे पत्र यांना न सांगता लिहीत आहे.

तुमचं पायाचं पत्र यांनी घरात वाचलं. वाचताना मधेच थांबले आणि मग पुढचं एकदम घाईनं वाचून टाकलं. त्या दिवसापासून हे उठायला लागले की सासूबाई यांच्या पायाकडे बघतात. मीही बघते. बघू नये असं ठरवते आणि बघते. मी रोज शेक देते. हे विचारतात, थरथर लागते का हाताला. मला कधी लागते असं वाटतं, कधी नाही.

मागच्या आठवड्यात राजूरला जाताना समोरून उसाची ट्रॉली येत होती, तेव्हाच गाडी अशी हलली की मी डोळे मिटून घेतले. मला आता त्या गाडीत बसवत नाही. पण यांना मी तसं कसं म्हणू? गाडी आल्यापासून हे माणसात आले होते. रात्री झोपेत बोलायचे ते बंद झालं होतं. मी नको म्हटलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील.

तुम्ही शिकलेले आहात आणि ते तुमचं ऐकतात. खरंच पायाचं असेल तर तुम्हीच लिहा की गाडी चालवू नका. आणि पायाचं नसेल, गाडीचं असेल, तर तेही लिहा. तुम्हाला माहीत असेल.

नंदा


पुणे,
५ मार्च २००१

ती. दादांस नमस्कार.

खूप विचार करून लिहितो. तुम्ही आता गाडी चालवू नये असं मला वाटतं. तुमच्या जिवापेक्षा गाडी मोठी नाही. लागेल तेव्हा कुणाला तरी चालवायला बोलवा, किंवा येईल त्या किमतीला विकून मोकळे व्हा. मोठीआई आणि वहिनी गाडीत असतात, त्यांचाही विचार करा.

लहान तोंडी मोठा घास घेतला. क्षमा असावी.

तातेराव


टेंभुर्णी,
२२ एप्रिल २००१

चि. तातेराव यास आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे गाडी लिंबाखाली लावली. जीपची जागा भरली, एवढं तरी झालं. शेळ्या तिच्या सावलीत बसतात.

जालन्यात डॉक्टरला पाय दाखवून आलो. त्यानं गुडघ्यावर हातोडी मारली, पाय बराबर उडाला. म्हणाला, तुमच्या वयाच्या दोन पायवाल्यांचे असे नसतात. ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी बाहेर येऊन पायऱ्या उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला. डॉक्टरला काय कळतं, त्यानं मला गाडी चालवताना थोडंच पाहिलंय.

तुला म्हणून लिहितो, आईला हे वाचून दाखवणार नाही. डावा गेला तेव्हा मी उजव्याच्या भरवशावर उठलो. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर पाहुण्यांकडे गेलो तर उसाच्या गाड्या मोजायच्या वजनकाट्याचा अख्खा चढ एका पायावर चढून जायचो, लोक बघत राहायचे. आता बाजेवरून उठताना आधी विचारतो, उठू का. विहिरीच्या पायऱ्या सोडल्या. नंदा आंघोळीला पाट देते, मी बसून करतो. कधीकधी रात्री पडल्यापडल्या त्याला हात लावून पाहतो, हलतोय का म्हणून. हलतो की नाही ते मला सांगता येत नाही, कारण हातही माझाच.

तू वेळेवर सांगितलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

मच्छिंद्रदादा


पुणे,
१८ ऑगस्ट २००१

ती. दादांस नमस्कार.

चार महिने झाले, पत्र नाही. मी दोनदा एसटीडीवर निरोप ठेवला, मिळाला का?

आनंदाची बातमी म्हणजे फ्लॅटचं काम झालं. २ डिसेंबरला वास्तुशांती आहे. मोठीआईच्या हातानं कलश ठेवायचा असं उषाचं आणि माझं ठरलं आहे. तिच्याशिवाय पूजेला बसणार नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे, तेव्हा तुम्हाला चढायचा त्रास नाही. एसटीनं या, शिवाजीनगरला मी घ्यायला येतो.

गाडीचं काय केलंत? ठेवू नका. भंगारवाला नेत असेल तर देऊन टाका.

तातेराव


टेंभुर्णी,
३० सप्टेंबर २००१

तातेराव,

तुझ्या भंगारवाल्याला गाडी दिली नाही. का दिली नाही ते सांगतो, सावकाश वाच.

आईच्या डोळ्याला पडदा आलाय. तिला जालन्याला न्यायचं होतं. शेजारचा धर्मराज दुधाचा टेम्पो चालवतो, त्याला म्हटलं, आमची गाडी काढ. तो चालवायला बसला, मी त्याच्या बाजूला, आई आणि नंदा मागे. धर्मराज पंचविशीतला गडी, दोन्ही पाय शाबूत, सांजसकाळ कुस्ती खेळतो. गावाबाहेर रस्ता लागला, त्यानं पन्नासच्या पुढं नेली आणि गाडी थरथरायला लागली. तशीच. अगदी तशीच.

धर्मराजनं चाक घट्ट धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "काका, मी काहीच न्हाई करून राह्यलो. गाडीच थरथरून राह्यली."

मी मांडीवर हात ठेवला. पाय शांत होता. गाडीच्या पत्र्यातून जेवढी येत होती तेवढी थरथर त्याच्यात होती, स्वतःची एक नव्हती. मागून आई वाकली. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, तिनं हातानंच माझा गुडघा चाचपला.

"मच्छिंद्रा, पाय तर तुझा हितं हाये," ती म्हणाली. "मंग थरथरतंय कोण?"

नंदा रडायला लागली. तिनं तुला पत्र लिहिलं होतं आणि तू काय केलंस, ते तिनं तिथंच सांगितलं.

डोळ्याचं काम झाल्यावर गाडी तशीच गॅरेजला नेली. तू नको म्हणाला होतास, तरी नेली. मिस्त्रीनं इंजिनाच्या मागून दुसरी एक पट्टी ओढली. तातेराव, तेलाच्या पट्ट्या दोन असतात हे मला माहीतच नव्हतं. जीपला कुठं होती? मी इंजिनाची बघायचो आणि तेल साफ म्हणायचो. गिअरच्या तेलाची वेगळी होती. तिच्यावर तेल नव्हतंच, दुधात गुलाबाचं सरबत कालवल्यासारखा फेस होता. मिस्त्रीनं समजावलं, गिअरचं तेल थंड करायला त्याची नळी रेडिएटरच्या पोटातून नेलेली असते. ती नळी आतून गंजून फुटली आहे. पाणी तेलात जातं, तेल पाण्यात. म्हणून खाली थेंब पडत नाही, आणि म्हणून गिअर घसरतात आणि गाडी थरथरते. माझ्या बोअरच्या पाण्यानं झालं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, हा गंज एका हंगामाचा नाही, गाडी तुमच्याकडं यायच्या आधीचा आहे.

इथवर मी तुझ्या बाजूनं होतो, खोटं नाही सांगत. मनात म्हणत होतो, तातेरावलाही कुणीतरी फसवलं, त्याला तरी काय माहीत.

मग त्यानं रेडिएटर उलटं केलं. पिवळा लगदा पडला. मिस्त्री म्हणाला, "हळद तर लई गाड्यांत बघितली. पण हे जवस घालायचं डोकं कुणाचं?"

बोटावर घेऊन पाहिलं. जवसाची टरफलं होती.

मी म्हटलं, "आमच्याच घरचं हाये."

मला दुसरं काही विचारायचं नाही. गाडी का दिलीस ते विचारत नाही. एवढंच सांग, २९ जानेवारीला माझ्या पायाचं लिहिलंस, तेव्हा तुला हे माहीत होतं का? हो किंवा नाही लिही. मला काही कळलेलं नाही असं समजून काही रचू नकोस.

मच्छिंद्र


पुणे,
२१ ऑक्टोबर २००१

(घरी दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून हे पत्र धर्मराजच्या दूध डेअरीच्या पत्त्यावर पाठवत आहे.)

ती. दादा,

हो. माहीत होतं.

तीन आठवडे कागद समोर घेऊन बसतो आणि उठतो. दुसरं काही लिहिलं असतं तर तुम्हाला कळलंच असतं.

गाडी माझ्याकडेच थरथरायला लागली होती. वर्कशॉपवाला म्हणाला, रेडिएटरमधली नळी फुटून गिअर गेला, दुरुस्तीला गाडीपेक्षा जास्त जाईल. त्याच दिवसांत फ्लॅटचा पहिला हप्ता होता. मला मोठीआईचं औषध आठवलं. इथल्या मंडईतून जवस आणून मीच मिक्सरवर दळलं आणि हळदीसकट रेडिएटरमध्ये ओतलं. दादा, खरंच पंधरा दिवस गाडी थरथरली नाही. मला वाटलं, धरलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, वाटून घेतलं.

इथं कुणाला विकली असती तर दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला असता. तुम्ही उभे राहणार नाही हे मला माहीत होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. आणि तुम्हाला बिनक्लचची गाडी हवीच होती. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात होत्या.

पायाचं मी ठरवून लिहिलं नाही. लिहिता लिहिता सुचलं, आणि सुटका झाल्यासारखं वाटलं. मग वहिनींचंही पत्र आलं. त्याच म्हणाल्या की चालवू नका असं लिहा. मला वाटलं, घरातही सगळ्यांना तसंच वाटतंय. तुमचं एप्रिलचं पत्र मी पुन्हा उघडलेलं नाही.

दुरुस्तीचा सगळा खर्चा मी करतो. म्हणाल ते करतो. फक्त हे मोठीआईला वाचून दाखवू नका. वास्तुशांतीला तिनं यावं. तिला वाटेल ते सांगा, पण हे नको.

तातेराव


टेंभुर्णी,
१८ नोव्हेंबर २००१

तातेराव,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत, तिला वाचून दाखवू नका असं लिहिलंस त्या ओळीसकट. नंदाही बसली होती. माझ्या पायाचं पत्र याच ओसरीवर वाचलं गेलं होतं. तेव्हा तू म्हणाला नव्हतास की हे दादांनी एकट्यानं वाचावं.

नंदाचं नाव मधे घालायला नको होतंस. ती तुला म्हणाली होती, पायाचं नसेल, गाडीचं असेल तर तेही लिहा. ती ओळ तू विसरलास. तिला तोंडपाठ आहे.

आईनं पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "पोटीस आतला पू काढायला असतंय. जखमेचं तोंड बुजवायला न्हाई. त्याच्याच पायाला मी सात दिस बांधलं व्हतं, तरी त्याला एवढं न्हाई कळलं." त्यानंतर उठून चूल पेटवली आणि चटणीचे दाणे भाजायला घेतले. तुझ्यासाठी. मी विचारलं, अजून त्याला चटणी? तर म्हणते, "तुझा भाऊ असंल नसंल, ते तू बघ. मी त्याला वाढवलाय." ती कलश ठेवायला येणार आहे. तिचं मी मोडणार नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही दारात येऊन उभे राहणार नाही हे मला माहीत होतं. मी ते पुष्कळदा वाचलं. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. तू मला ओळखून फसवलंस. मी मुकाट सोसतो, तुझं ऐकतो, तुझ्यावर संशय घेत नाही, हे सगळं तू हिशेबात धरलं होतंस. माझ्या चांगुलपणाचा एवढा बारीक अभ्यास आयुष्यात दुसऱ्या कुणी केला नाही. गाडी खराब निघाली, ते मी कधीच सोडून दिलं असतं. पण मला एकच पाय उरला होता, तातेराव, आणि तू मला त्याच्याशी भांडायला लावलंस. सात महिने मी त्याला दोष देत होतो आणि तो बिचारा मला उचलून फिरत होता.

तुझा खर्चा नको. औरंगाबादच्या एका मिस्त्रीनं गिअर उतरवून प्लेटा बदलल्या, तेल धुऊन धुऊन काढलं. नळी आता रेडिएटरच्या पोटातून जात नाही, पुढं वेगळी जाळी बसवून घेतली आहे. पाणी आणि तेल आता कुठंही भेटत नाहीत. काल साठवर पाय हलकाच धरून राजूरपर्यंत गेलो. मागे नंदा होती, डोळे उघडे ठेवून. गाडी थरथरली नाही. मीही नाही.

१ डिसेंबरला रात्री निघू, पूजेच्या सकाळी पोचू. एसटीनं येणार नाही, शिवाजीनगरला थांबू नकोस. गाडी मी चालवणार आहे, टेंभुर्णी ते पुणे, सगळी. तुझ्या दारासमोर उभी करीन. आई आणि नंदा उतरतील, चटणीचा डबा घेऊन वर येतील. पूजा होईपर्यंत मी खाली गाडीत बसून राहीन. उषाबाईंनी ताट पाठवलं तर जेवीन, अन्नावर माझा राग नाही.

तुझे पाहुणे गॅलरीतून बघतील आणि विचारतील, दादा दारापर्यंत आले आणि वर का आले नाहीत. तेव्हा अडखळू नकोस. सांग, पायामुळे. लिफ्ट असली तरी त्यांना पटेल. तुझ्या तोंडून पायाचं मलाही पटलं होतं.

मच्छिंद्र